पायलटच्या मेडिकलमधली कलर व्हिजन टेस्ट: भाऊ इशिहारात अडकलाय, याला आव्हान देता येतं का?

सांगलीची_ताई

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. माझा धाकटा भाऊ यंदा बारावी सायन्स झाला, फिजिक्स-मॅथ्सला छान मार्क आहेत आणि लहानपणापासून त्याचं एकच, पायलट व्हायचं. घरात पण सगळ्यांची तयारी झाली होती, बारामती बरं की गोंदिया इथपर्यंत बोलणं आलेलं, बँकेत लोनची चौकशी झाली, बाबांनी शेताचा रस्त्याकडेचा तुकडा विकायचं मनाशी धरलं होतं कारण ५०-६० लाख काय आमच्यासारख्या घरात असे पडून नसतात. कुणीतरी सांगितलं की फी भरायच्या आधी क्लास टू मेडिकल करून घ्या, म्हणून ते आधी केलं.

रक्त, ईसीजी, कान सगळं व्यवस्थित. चष्मा पण नाही त्याला. आणि मग ते ठिपक्याठिपक्यांचं इशिहाराचं पुस्तक निघालं. पहिल्या पानावरचा १२ त्याने लगेच वाचला, पुढच्या पानावर ८ होता तर याला ३ दिसला. एका पानावर ७४ होता, हा ठामपणे २१ म्हणाला. मी शेजारीच बसले होते, मला स्वच्छ ७४ दिसतोय आणि हा २१ म्हणतोय, माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टरांनी अजून दोन-चार पानं उलटली, पुस्तक मिटलं आणि म्हणाले रेड-ग्रीन डिफेक्ट आहे, कमर्शियल विसरा, दुसरं काहीतरी बघा. झालं. पडदा ओढलेला, वर ट्यूबलाइट, पुस्तकाची पानं पिवळट पडलेली. दोष कुठल्या प्रकारचा, किती, काही नाही, दुसरी टेस्ट नाही.

आता हा मुलगा रोज गाडी चालवतो, सिग्नल कधी चुकला नाही. हां, एक मला आता आठवतंय, मोबाईल चार्जिंगचा दिवा लाल आहे का हिरवा झाला हे तो कायम मला विचारायचा, आम्हाला वाटायचं आळशीपणा करतोय. पण तेवढ्यावरून विमान चालवता येणार नाही असं कसं ठरवतात? एक पुस्तक दाखवून एखाद्याचं सगळं आयुष्य ठरवायचं हे न्यायाचं आहे का? कुणी याला आव्हान दिलंय का आणि आपल्याकडे देता येतं का? वर आईला कुणीतरी सांगून ठेवलंय की हे आईकडून येतं, तेव्हापासून ती धड जेवत नाहीये. नुसता धीर देऊ नका, खरं असेल ते सांगा.

उंच_भरारी

ताई टेन्शन घेऊ नका, त्या प्लेट्स नेटवर सगळ्या मिळतात, क्रम पण ठरलेला असतो, पाठ करायला लावा भावाला. नाहीतर लाल रंगाची कॉन्टॅक्ट लेन्स मिळते ती एका डोळ्यात घालायची, सगळे आकडे दिसतात. बरेच जण करतात असं ऐकलंय.

डोळ्यांचा_डॉक्टर

वरचा सल्ला कृपया अजिबात मनावर घेऊ नका. पाठ करून एक डॉक्टर फसेल, पण पुढच्या केंद्रावर पानं उलटसुलट दाखवतात किंवा दिव्याची टेस्ट घेतात आणि तिथे उघडं पडलं की फसवणुकीचा शिक्का बसतो, मग खरं बोलून मिळणारी संधी पण जाते. रंगीत लेन्सने पुस्तकातले आकडे दिसतात हे खरं आहे कारण ती लाल आणि हिरव्याचा उजेड वेगवेगळा करते, पण रंग ओळखायची ताकद त्याने येत नाही, उलट बाकीचे रंग बिघडतात. असली लेन्स घालून दिलेली टेस्ट मेडिकलला चालत नाही.

आता ताई तुमच्याकडे. मी नेत्रतज्ज्ञ आहे, कोल्हापूरकडे प्रॅक्टिस करतो. आधी आईंचं सांगतो. लाल-हिरव्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, मुलाला एक्स आईकडूनच मिळतो म्हणून लोक तसं बोलतात. पण आईंना तो त्यांच्या आईवडिलांपैकी कुणाकडून तरी आलेला असतो, त्यांना स्वतःला सगळे रंग नीट दिसतात, त्यांना हे कळायची काही सोयच नव्हती. घरात मामाला किंवा आईच्या वडिलांना असेल बघा, विचारलंत तर बहुतेक सापडेल. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये दर १०० मागे सुमारे ८ जणांना हा दोष असतो, बायकांमध्ये २०० मागे एखादीला. यात कुणी काही चूक केलेली नाही हे त्यांना माझ्याकडून सांगा.

पुस्तकाबद्दल. शिनोबु इशिहारा हे जपानी लष्करातले डॉक्टर, त्यांनी १९१७ मध्ये या प्लेट्स काढल्या. त्या दाखवायची पण पद्धत आहे, दिवसाचा उजेड किंवा त्याच्या तोडीचा दिवा, अंतर ७५ सेंमी, उत्तर तीन सेकंदात, पानांना बोट लावायचं नाही, पुस्तक उन्हात ठेवायचं नाही कारण छपाईचे रंग उडतात. ट्यूबलाइटखाली पिवळट पुस्तक ही पद्धत नव्हे हे मान्यच. पण तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो, ८ ला ३ आणि ७४ ला २१ हे उजेडामुळे होत नाही, लाल-हिरव्याचा दोष असलेला माणूस अगदी हेच वाचतो, प्लेट बनवलीच तशी आहे. तेव्हा दोष आहे हे धरून पुढे चला, पुस्तक खराब होतं या मुद्द्यावर लढू नका.

लढायचा मुद्दा वेगळा आहे. हे पुस्तक चाळणी आहे, दोष आहे की नाही एवढंच ते चांगलं सांगतं. किती आहे ते नाही सांगत. डोळ्याच्या पडद्यावर तीन प्रकारचे शंकू असतात, लांब, मध्यम आणि आखूड तरंगलांबीचे. लांबवाल्यात गडबड असेल तर प्रोटन, मध्यमवाल्यात असेल तर ड्युटन. त्यात परत शंकूचा एक प्रकार मुळातच नसणं वेगळं आणि असून थोडा सरकलेला असणं वेगळं. हा सरकलेला ड्युटन सगळ्यात जास्त आढळतो आणि त्यातले काही इतके सौम्य असतात की चाळिशीपर्यंत पत्ता लागत नाही. आता अशा सौम्य मुलाला आणि लांबवाला शंकू अजिबात नसलेल्या मुलाला शेजारी बसवा, दोघंही ७४ ला २१ म्हणतील. पुस्तकाच्या लेखी दोघं सारखेच, आणि प्रत्यक्षात पहिल्याला रात्री लाल दिवा जवळपास आपल्यासारखा दिसतो, दुसऱ्याला तो मंद तरी दिसतो किंवा वेगळ्याच रंगाचा वाटतो. तेवढ्यावर दोघांना एकच निकाल देणं हे मला डॉक्टर म्हणून पटत नाही.

मोटरमन_काका

मी बरीच वर्षं मुंबईत लोकल चालवतोय, माझं थोडं कडू वाटेल पण बोलतो. सिग्नल चुकला नाही हे ताई रस्त्यावरचं सांगतायत, तिथे लाल वर असतो हिरवा खाली असतो, पुढची गाडी थांबली की आपण पण थांबतो, रंग कळला नाही तरी भागून जातं. आम्हाला पावसात रात्री समोरच्या काचेतून पोस्ट दिसत नाही, खांब दिसत नाही, लांबवर एक ठिपका दिसतो फक्त आणि तो पिवळा आहे का लाल आहे यावर ब्रेक धरायचा असतो, मागे चार-पाच हजार माणसं लटकतायत. म्हणून आमची ए-वन कॅटेगरीची मेडिकल, इशिहारा पण होते आणि अंधाऱ्या खोलीत लँटर्नवर, म्हणजे रंगीत दिवे दाखवणाऱ्या यंत्रावर पण होते, एकदा पास झालं म्हणून सुटका नाही, ठराविक वर्षांनी परत. विमानात तर आणखी जास्त काळजी घ्यायला पाहिजे. मुलाचं स्वप्न आहे हे कळतं ताई, मला पण मुलं आहेत, पण मागे बसलेल्याचा जीव पण बघायला लागतो ना.

मेलबर्नहून

काकांचं बोलणं महत्त्वाचं आहे आणि टेस्ट नको असं कुणी म्हणूच नये. मी मूळचा ठाण्याचा, ऑस्ट्रेलियात कमर्शियल लायसन्सवर उडवतो आणि मी ड्युटन आहे. इशिहारा मी आजही नापास होईन. तरी उडवतोय कारण या देशात हा वाद कोर्टासारख्या ट्रायब्यूनलपर्यंत जाऊन लढला गेलाय, ते जरा सविस्तर सांगतो कारण ताईंचा नेमका तोच प्रश्न आहे.

आधी थोडं मागचं. कलर टेस्टचं खूळ विमानामुळे नाही, रेल्वेमुळे सुरू झालं. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, उप्साला विद्यापीठातले शरीरशास्त्राचे प्राध्यापक होल्मग्रेन यांनी ठामपणे मांडलं की यामागे रंगदोष असणार, मग त्यांनी रंगीत लोकरीच्या लडी जुळवायची टेस्ट काढली आणि ती जगभर गेली. गंमत अशी की त्या अपघातात रंगदोष खरंच कारण होता का यावर अभ्यासकांनी नंतर बऱ्याच शंका काढल्यात. पहिल्या महायुद्धानंतर विमानाचे आंतरराष्ट्रीय नियम झाले तेव्हा ही अट रेल्वे आणि जहाजांकडून तशीच उचलली गेली, तेव्हा विमानात रेडिओ नव्हता, टॉवरवरून दिव्याने खुणा करायचे.

आज आंतरराष्ट्रीय नियम काय म्हणतो ते नीट बघा. विमान वाहतुकीची जी संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे, आयकाओ, तिच्या पहिल्या परिशिष्टात म्हटलंय की कामासाठी जे रंग ओळखणं गरजेचं आहे ते अर्जदाराला सहज ओळखता आले पाहिजेत. आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की प्लेट्समध्ये नापास झाला तरी विमान वाहतुकीतले रंग त्याला सहज वेगळे ओळखता येत असतील आणि रंगीत दिवे बरोबर सांगता येत असतील तर त्याला फिट धरायचं. तेही जमलं नाही तर मग अनफिट, किंवा क्लास टू फक्त दिवसापुरतं. म्हणजे पुस्तकावर गोष्ट संपत नाही, नियमातच पुढचा दरवाजा आहे. अन्याय होतो तो दरवाजा कुणी दाखवतच नाही तिथे.

ऑस्ट्रेलियात आर्थर पेप म्हणून एक डॉक्टर होते, स्वतः रंगदोष असलेले, विमान उडवायचे. रात्री उडवायची परवानगी नाही म्हणून ते सरकारविरुद्ध अपिलाच्या ट्रायब्यूनलमध्ये गेले आणि १९८७ मध्ये जिंकले. मग १९८९ मध्ये डेनिसन नावाच्या पायलटची केस आली, ती खरी मोठी केस. तिथे डोळ्यांचे शास्त्रज्ञ, पायलट, नियामकाची माणसं सगळ्यांच्या साक्षी झाल्या आणि प्रश्न काय विचारला गेला तर पायलट रंगाचा उपयोग नेमका कुठे करतो? एकेक दिवा घेतला. पंखांच्या टोकाचे लाल-हिरवे दिवे, टॉवरचे दिवे, धावपट्टीचे दिवे. प्रत्येकाला विचारलं, हा रंग कळला नाही तर माहिती दुसऱ्या मार्गाने मिळते का. बऱ्याच ठिकाणी उत्तर हो आलं, दिव्याची जागा सांगते, रेडिओ सांगतो, जोडीला आवाज असतो. डेनिसन जिंकला, तेव्हा काही बंधनं राहिली पण कमर्शियलचा रस्ता उघडला. पुढे तिथल्या नियमात तीन पायऱ्या आल्या, इशिहारा, त्यात नापास तर लँटर्न, त्यातही नापास तर प्रत्यक्ष उड्डाणातल्या परिस्थितीसारखी टेस्ट. मधे २०१४ च्या सुमारास परत वाद पेटला, नंतर न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने विमानात परीक्षक शेजारी बसवून दिवसा आणि रात्री उडवायला लावायची टेस्ट पण आणली. भांडण अजून मिटलेलं नाही पण निदान भांडण योग्य प्रश्नावर चाललंय.

आता काका म्हणाले तो ठिपका. विमानात तसा ठिपका एकच आहे असं म्हटलं तरी चालेल, पापी (PAPI). धावपट्टीच्या बाजूला चार दिव्यांची ओळ असते. दोन पांढरे दोन लाल म्हणजे उतरण बरोबर, साधारण तीन अंशावर. चारही पांढरे म्हणजे फार वर आहात, चारही लाल म्हणजे खाली, धोका. रात्री खाली सगळा काळोख, लांबवर ती ओळ, आणि धुरकट हवा असली की पांढरे पण पिवळट दिसायला लागतात, तेव्हा तीन लाल आहेत का दोन हे रंगावरूनच ठरवायचं असतं, जागेवरून नाही कळत. मला स्वतःला लाल आणि पांढऱ्यातला फरक स्वच्छ दिसतो, मी तपासून घेतलंय. पण तीव्र दोष असलेल्याला नाही दिसत आणि हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याचंच उदाहरण, २६ जुलै २००२, अमेरिकेत टालाहासी. फेडेक्सचं मालवाहू बोइंग ७२७ पहाटे अंधारात धावपट्टीच्या आधीच झाडांवर आदळलं. तिघेही वाचले. विमान फर्स्ट ऑफिसर उडवत होता, त्याला तीव्र रंगदोष होता आणि सवलतीवर मेडिकल मिळालेलं. तपास अहवालात त्याचा रंगदोष हातभार लावणाऱ्या कारणांत लिहिलाय. पण त्याच अहवालात थकवा आहे, कंपनीची पद्धत न पाळणं आहे, आणि कॅप्टन आणि फ्लाइट इंजिनिअर या दोघांनी लक्ष न ठेवणं पण आहे. त्या दोघांना रंग नीट दिसत होते. रंगदोषाला विरोध करणारे फक्त पहिलं वाक्य सांगतात आणि आमच्या बाजूचे काही जण फक्त दुसरं. दोन्ही खरं आहे. त्या माणसाला सवलत कुठल्या टेस्टवर मिळाली हा प्रश्न विचारला पाहिजे, कारण ती टेस्ट पापी मोजत नव्हती.

मोटरमन_काका

हे पापीचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. मग मी म्हणतो ते आणि तुम्ही म्हणता ते वेगळं नाही, जे बघायचंय त्याचीच परीक्षा घ्या. आमच्याकडे अंधाऱ्या खोलीत लँटर्न दाखवतात ते त्यातल्या त्यात कामाच्या जवळ आहे, ठिपक्यांतला आकडा आम्हाला रुळावर कधीच वाचायला लागत नाही.

डोळ्यांचा_डॉक्टर

मेलबर्नवाल्या दादांनी पापी काढलं म्हणून त्याला जोडून. ब्रिटनमध्ये नेमकं यावरच काम झालंय, लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत, तिथल्या विमान नियामकासाठी, अहवाल २००९ चा. त्यांनी आधी शोधलं की रंगावरच अवलंबून असलेलं सगळ्यात महत्त्वाचं काम कुठलं, उत्तर आलं पापी. मग प्रयोगशाळेत पापीसारखे दिवे करून रंगदोष असलेल्या आणि नसलेल्या लोकांना दाखवले आणि शेजारी कॅड नावाची कॉम्प्युटर टेस्ट घेतली. या टेस्टमध्ये करड्या लुकलुकत्या चौकटींवरून एक रंगीत चौकोन सरकत जातो, तो कुठल्या दिशेने गेला ते बटण दाबून सांगायचं, रंग फिका फिका होत जातो. उजेडाचा फरक वापरून चलाखी करता येत नाही कारण तो सतत लुकलुकत असतो, आणि पाठ करण्यासारखं तर काहीच नाही. शेवटी एक आकडा येतो, सरासरी नॉर्मल माणसाच्या किती पट रंग तुम्हाला लागतो याचा. ड्युटनसाठी ६ पटीच्या आत आणि प्रोटनसाठी १२ पटीच्या आत असलेले लोक पापी नॉर्मल माणसांइतकंच बरोबर ओळखतात असं निघालं. म्हणून रेषा तिथे मारली. त्या हिशोबाने रंगदोष असलेल्यांपैकी साधारण ३५ टक्के लोक सुरक्षित ठरतात.

३५ टक्के हे परत वाचा ताई. तिघांमधला एक. केवळ पुस्तकावर निकाल लावला तर ही सगळी मुलं उगाच घरी बसवली जातात. आणि तितकंच खरं की तिघांमधले दोघं पात्र ठरत नाहीत, तुमचा भाऊ त्यात पण असू शकतो.

मेलबर्नहून

डॉक्टर, यात माझी एक तक्रार आहे ती मांडतो. आकडा देणारी टेस्ट आली म्हणजे न्याय झाला असं होत नाही, रेषा कुठून आली ते महत्त्वाचं. अमेरिकेत १ जानेवारी २०२५ पासून पहिल्यांदा मेडिकल काढणाऱ्याला कॉम्प्युटरवरची टेस्ट सक्तीची झाली, पुस्तक बंद, तीन ठरलेल्या टेस्टपैकी एक द्यायची. जुन्यांना लागू नाही. एका अर्थी चांगलं कारण उजेड-पान-डॉक्टर यावर काही अवलंबून नाही आणि निळ्या-पिवळ्याचा दोष पण पकडला जातो जो जुन्या प्लेट्समध्ये सुटायचा. पण आधी जो मुलगा टॉवरचे दिवे दाखवून किंवा प्रत्यक्ष उडवून सिद्ध करू शकायचा त्याचा मार्ग अरुंद झाला. मशीनसमोर नापास झालेल्याला विमानात बसवून बघायची सोय राहिलीच पाहिजे. आणि काही रेषेच्या अलीकडे-पलीकडे असतात, ६.१ वाला धोकादायक आणि ५.९ वाला सुरक्षित असं डोळा नाही ठरवत, माणसं ठरवतात, त्यामुळे काठावरच्याला दुसरी संधी पाहिजेच.

सांगलीची_ताई

सगळ्यांचे खूप आभार. आईला डॉक्टरांचं उत्तर वाचून दाखवलं, मामाला फोन लावला तर मामाला पण आहे निघालं, त्याने आयुष्यभर कुणाला सांगितलं नव्हतं! आईला आता जरा हलकं वाटतंय.

मोटरमन काका तुमचं वाईट नाही वाटलं, उलट सिग्नलचं मी उगाच पुढे करत होते ते सोडलं. भावाला मी स्वच्छ सांगितलंय की तीव्र निघालं तर आपण थांबायचं. पण ते कळायला तर पाहिजे ना. आता आपल्याकडे नेमकं काय करायचं? त्या डॉक्टरांनी अनफिट लिहिलंय. कोर्टात जायचं का?

वकीलसाहेब_पुणे

कोर्ट शेवटी, पण बाजू कुठली ते सांगतो. आपल्याकडे कलर व्हिजनवरून सुप्रीम कोर्टाचे चांगले निकाल आहेत. पुण्याच्या एफटीआयआयचं, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटचं तुम्हाला आठवत असेल, तिथे रंगदोष असलेल्यांना काही कोर्सेस बंद होते, पाटण्याचा एक विद्यार्थी निवड होऊन पण मेडिकलला अडवला गेला आणि तो लढत लढत सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टाने स्वतःची समिती नेमली, त्यात नेत्रतज्ज्ञ पण घेतले आणि सिनेमात प्रत्यक्ष काम करणारी माणसं पण, आणि एप्रिल २०२२ मध्ये सगळे कोर्स खुले करायला सांगितले. दुसरा ऑक्टोबर २०२३ चा, तामिळनाडूच्या वीज कंपनीत असिस्टंट इंजिनिअरला रंगदोषावरून नाकारलं होतं, कोर्ट म्हणालं की २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत रंगदोष नसला तरी वाजवी सोय करून त्याला कामावर घ्या.

पण भाबडी आशा नको. सिनेमात रंग चुकला तर प्रवासी मरत नाहीत. विमान सुरक्षेचा प्रश्न आला की कोर्ट तज्ज्ञांचं ऐकतं आणि ते बरोबरही आहे. त्यामुळे मला पायलट व्हायचंय, माझा हक्क आहे, अशी याचिका टिकणार नाही. टिकेल ती अशी की नियमातच प्लेट्सच्या पुढची टेस्ट आहे आणि मला ती न देताच बाहेर काढलं. एफटीआयआयच्या केसमधून उचलायची गोष्ट पण हीच, कोर्टाने कोर्सची नावं बघितली नाहीत, त्या कामात रंग कुठे आणि कसा लागतो ते बघितलं. डेनिसनमध्ये पण तेच झालं असं दिसतंय.

आणि आधी कागद. परीक्षक डॉक्टर रिपोर्ट पाठवतात, शेवटचं असेसमेंट डीजीसीएचं, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं असतं, ते लेखी हातात येऊ दे. तोंडी विसरा म्हटलेल्याला काही अर्थ नाही. मग त्यावर फेरतपासणी मागायची, अर्जात लिहायचं की इशिहारामध्ये चुका झाल्या हे मान्य, दोषाचा प्रकार आणि तीव्रता मोजलेली नाही, आयकाओच्या पहिल्या परिशिष्टाप्रमाणे विमान वाहतुकीतले रंगीत दिवे ओळखण्याची चाचणी घ्यावी. सोबत स्वतःचे रिपोर्ट. उगाच डॉक्टरांवर आरोप, पुस्तक जुनं होतं वगैरे एका ओळीपेक्षा जास्त लिहू नका.

डोळ्यांचा_डॉक्टर

स्वतःच्या रिपोर्टचं मी सांगतो. मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलांत किंवा मेडिकल कॉलेजात अ‍ॅनोमलोस्कोप आहे का फोन करून विचारा, सगळीकडे नसतो. त्यात दुर्बिणीसारखं बघायचं, गोलाच्या एका अर्ध्यात पिवळा असतो, दुसऱ्यात लाल-हिरव्याचं मिश्रण, दोन्ही सारखे दिसेपर्यंत चाक फिरवायचं. नॉर्मल माणूस अगदी थोड्या पट्ट्यातच जुळवतो, तीव्र दोष असलेला कुठलंही मिश्रण जुळलं म्हणतो, आणि प्रोटन पिवळा खूप मंद करून घेतो त्यामुळे प्रकार लगेच कळतो. कॅड मिळाली तर आणखी चांगलं. हवाई दलाच्या केंद्रांवर मार्टिन लँटर्न वापरतात, अंधाऱ्या खोलीत ठराविक अंतरावरून बारीक छिद्रातून लाल, हिरवा, पांढरा दाखवतात. भावाला तिथे जायच्या आधी सांगा की अंदाज करायचा नाही, अंधाराला डोळे सरावू द्यायचे, दिसलं तेच बोलायचं.

आणि हे सगळं होईपर्यंत फ्लाइंग स्कूलला एक रुपया पण देऊ नका, कितीही गळ घातली तरी. शेताचं तर नावच नको.

सांगलीची_ताई

नाही देणार डॉक्टर. सोमवारी पुण्यात दोन ठिकाणी फोन करते अ‍ॅनोमलोस्कोपसाठी. वकीलसाहेब, अर्जाचा मसुदा मी लिहून इथे टाकते, नावं काढून, जमलं तर बघाल का? मेलबर्नवाले दादा, आयकाओच्या त्या परिशिष्टातला नेमका कलम नंबर मिळाला तर द्या.

मेलबर्नहून

६.२.४ च्या खाली बघा, कलर परसेप्शनच्या भागात, ६.२.४.४ मध्ये ते वाक्य आहे. अर्जात ते पूर्ण उतरवा, अर्धं नको, अनफिट ठरवायची ओळ पण राहू द्या. आणि मसुदा टाकलात की मी पण वाचतो.